आळ, मौन आणि मूकपणा

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा आळ येतो, असे घरोघरची मोठी माणसे सांगत आली आहेत. त्यामागची गोष्ट स्यमंतक मण्याची. सत्राजिताचा भाऊ प्रसेन तो मणी गळ्यात घालून शिकारीला गेला आणि परतलाच नाही. द्वारकेत कुजबुज सुरू झाली, की मण्यावर कृष्णाचा डोळा होता, त्यानेच प्रसेनाचा काटा काढला. कृष्ण गप्प बसला नाही. तो माग काढत रानात गेला. आधी प्रसेनाचे प्रेत सापडले, मग सिंहाचे, आणि अस्वलाच्या पावलांवरून तो जांबवंताच्या गुहेपर्यंत पोचला. तिथे झुंज देऊन मिळवलेला मणी त्याने भर सभेत सत्राजिताच्या हाती ठेवला. आळ आला की तो असा धुऊन काढायचा, ही शिकवण मराठी मनात खोल रुजली आहे. मौन हे संमतीचे लक्षण, हे संस्कृत वचनही तिच्या जोडीला आहेच. जो उत्तर देत नाही त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार, असे आपण सहज धरून चालतो.

नागपूरच्या सदर भागात मात्र एका अशा माणसाचे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असते, ज्याने याच्या नेमके उलट शिकवले. तिथली शाळा, सेमिनरी हिल्सवरचे महाविद्यालय आणि कॅथॉलिक आर्चबिशपांचे कॅथेड्रल, तिन्ही संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाची. नागपूरकरांसाठी ते ‘एसएफएस’. कितीतरी विद्यार्थी ही तीन अक्षरे गणवेशावर मिरवून मोठे झाले, पण अक्षरांमागच्या माणसाची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

हे नाव इथे आले ते आल्प्स पर्वतातून. १८३८ मध्ये सव्हॉय प्रांतातल्या अ‍ॅनेसी गावी पीटर मेर्मिए या धर्मगुरूने संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनरींचा एक संघ स्थापन केला. त्यातले पहिले लोक १८४६ मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि त्यांचे काम हळूहळू मध्य भारतात पसरले. १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये त्याला आर्चबिशपांच्या पीठाचा दर्जा मिळाला. अ‍ॅनेसीच्या माणसांनी आपला संत बरोबर आणला होता, तो इथलाच होऊन गेला.

फ्रान्सिस यांचा जन्म १५६७ चा. पादुआच्या विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी घेतली. मुलाने मोठा वकील व्हावे, ही वडिलांची इच्छा होती, पण १५९३ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि १६०२ मध्ये जिनिव्हाचे बिशप. ते शहर प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्यामुळे त्यांनी सारा कारभार अ‍ॅनेसीहून केला. स्वभाव मुळात तापट होता. तो मऊ करायला त्यांना कित्येक वर्षे लागली, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ज्याला युक्तिवाद करता येतो आणि ज्याला राग येतो, अशा माणसाने आळ आल्यावर गप्प राहण्याविषयी लिहिले, म्हणून त्या लिहिण्याला वजन आहे. ज्याला बोलताच येत नाही त्याच्या गप्प बसण्यात विशेष काय?

१६०९ मध्ये त्यांचे भक्तिजीवनाची ओळख करून देणारे पुस्तक निघाले. संसारात राहणाऱ्या सामान्य स्त्रीपुरुषांना देवाकडे कसे वळता येईल, हे त्यात साध्या फ्रेंचमध्ये सांगितले आहे. तिसऱ्या भागात नम्रता आणि अब्रू यांचा मेळ कसा घालायचा, यावर एक प्रकरण आहे. फ्रान्सिस अब्रूला कमी लेखत नाहीत. माणसाचे नाव म्हणजे त्याच्या दारावरची पाटी, आत सद्गुण राहतो हे ती सांगते, असे ते म्हणतात. पण पाटीला घर समजू नये. नाव जाईल या भीतीने जो सतत धास्तावलेला असतो, त्याचा पायाच कच्चा असतो. मोठ्या नदीवर ज्यांचा पूल लाकडाचा, ते पाणी जरा चढले की घाबरतात. ज्यांचा दगडी, त्यांना फक्त महापुराची काळजी. नाहक बदनामीत गेलेले नाव फ्रान्सिस यांना दाढीसारखे वाटते. कोणी भादरली तरी काही दिवसांत पुन्हा उगवते, आणि आधीपेक्षा दाट. तेव्हा जिभा चालवणाऱ्यांना त्या चालवू द्याव्यात, आपले काम सोडू नये.

इथवरचा भाग धर्मोपदेशात अनेकदा सांगितला जातो. पण त्याच प्रकरणात थोडे पुढे फ्रान्सिस यांच्यातला वकील जागा होतो. दोन अपवाद ते स्पष्ट मांडतात. आळ एखाद्या घोर आणि लाजिरवाण्या गुन्ह्याचा असेल आणि तो न्याय्य मार्गाने खोडता येत असेल, तर तो अंगावर वागवू नये. आणि ज्यांच्या चांगल्या नावावर इतर अनेकांचे भले अवलंबून आहे, त्यांनीही गप्प राहू नये. शांतपणे, न चिडता, झालेल्या अन्यायाची भरपाई मागावी. मौनाची शिकवण सांगताना हे अपवाद गाळले, की तिच्यातला प्राणच जातो.

स्वतः फ्रान्सिस यांच्यावरही तशी वेळ आली. त्यांच्या हस्ताक्षराची हुबेहूब नक्कल करून एका बाईला लिहिलेले प्रेमपत्र कोणीतरी गावात फिरवले, अशी हकीकत चरित्रांत येते. पत्र समोर आले तेव्हा अक्षराची नक्कल चांगली साधली आहे, पण पत्र आपले नव्हे, एवढे त्यांनी सांगितले आणि विषय तिथेच सोडला. ना चौकशी लावली, ना कोणाचे नाव घेतले. आपल्या सेवेसाठी आपल्याला किती अब्रू लागते हे देवाला माहीत आहे, तेवढी तो राखील, असा त्यांचा भाव होता. लिहिणाऱ्याने पुढे मरणाच्या दारात गुन्हा कबूल केला. फ्रान्सिस यांनी एकदा नाही म्हटले होते, हे यात लक्षात ठेवण्याजोगे आहे. सत्य एकदा सांगणे आणि त्याचा ढोल बडवत राहणे, यांत फरक आहे.

या मौनाचे मूळ येशूच्या खटल्यात आहे. प्रमुख याजक कयफा याच्या वाड्यात खोटे साक्षीदार उभे केले गेले. त्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळत नव्हत्या, असे मार्क नोंदवतो. उलटतपासणीला एवढे पुरेसे होते, पण येशूने उलटतपासणी घेतलीच नाही. पुढे रोमन सुभेदार पिलात याच्यासमोर आरोपांमागून आरोप झाले. तो गप्पच राहिला आणि सुभेदाराला मोठे नवल वाटले, असे मत्तय सांगतो. हेरोद राजाला तर चमत्कार बघायची हौस होती. त्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि एकाचेही उत्तर मिळाले नाही, तेव्हा झगझगीत वस्त्र घालून, टर उडवून त्याला परत पाठवले. ख्रिस्ती वाचकाला इथे यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे त्रेपन्नावे प्रकरण आठवते. वधाला नेलेले कोकरू आणि लोकर कातरणाऱ्यापुढे मुकी उभी असलेली मेंढी, ही तिथली चित्रे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने खटल्यातले मौन याच चित्रांतून समजून घेतले.

त्या मौनाचे अनुकरण करू पाहणारे पुढे अनेक निघाले. चौथ्या शतकातला इजिप्तचा संन्यासी मकारिअस याची गोष्ट सर्वांत हृद्य. एका गावाजवळ तो झोपडी बांधून राहत होता. गावातल्या एका मुलीला दिवस गेले आणि तिने मकारिअसचे नाव घेतले. लोकांनी त्याला मारले, गळ्यात मडकी अडकवून धिंड काढली आणि मुलीच्या पोषणाचा जामीन मागितला. मकारिअसने नाकारले नाही. टोपल्या विणून विकायच्या आणि पैसे त्या मुलीकडे पोचवायचे, असा त्याने क्रम धरला. आता बायको आहे, जास्त काम करायला हवे, असे तो स्वतःला बजावी. बाळंतपण अडले तेव्हा वेदनांत मुलीने खरे नाव सांगितले. सारा गाव माफी मागायला निघाला, हे कळताच मकारिअस पळाला आणि दूर स्केटिसच्या वाळवंटात जाऊन राहिला. निंदेला तो घाबरला नव्हता, सन्मानापासून मात्र पळाला.

सोळाव्या शतकात आविलाच्या संत तेरेसा यांनी आपल्या मठातल्या भगिनींसाठी एक पुस्तक लिहिले. दोष नसताना ठपका आला तरी सफाई देऊ नये, हे त्यातल्या एका प्रकरणाचे सूत्र. त्यांचा मुद्दा फार माणुसकीचा आहे: या एका आरोपात आपण निर्दोष असू, पण ज्या चुका कोणाला कळल्याच नाहीत त्यांचे काय? सफाई न देणे चुकीचे ठरेल असे प्रसंग असतात, हेही तेरेसा तिथेच मान्य करतात. १७५४ मध्ये इटलीतल्या जेरार्ड मायेला या साध्या मठबंधूवर एका तरुणीने खोटा आळ घेतला. त्याच्या संघाचे संस्थापक आल्फोन्सस लिगोरी यांनी त्याला बोलावून विचारले. तो काही बोलला नाही, म्हणून त्याला पवित्र कम्युनियनची बंदी झाली. काही महिन्यांनी तरुणीने पत्राने कबुली दिली. गप्प का राहिलास, असे विचारल्यावर आपल्या नियमात सफाई द्यायला मनाई आहे, एवढेच त्याने सांगितले. लिगोरीही आधी वकील होते.

या कथा वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. एक म्हणजे, प्रत्येकीत शेवटी सत्य बाहेर येते. ज्यांच्या बाबतीत ते कधीच आले नाही, त्यांच्या गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या नाहीत. मौन पाळले की कधी ना कधी निर्दोष ठरतोच, अशी हमी या परंपरेत कुठे नाही. खुद्द येशूच्या खटल्यात निकाल क्रुसाचा लागला. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मकारिअसच्या आणि जेरार्डच्या कथेत आळ घेणारी स्त्री आहे. त्या आधारावर स्त्रीच्या तक्रारीकडे संशयाने पाहणे हा या कथांचा दुरुपयोग आहे. खरे सांगूनही जिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, अशा बाईची गोष्ट जगात कितीतरी जास्त वेळा घडली आहे.

नागपूरच्या संदर्भात आणखी एक नाव घ्यायलाच हवे. नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. १८९३ मध्ये ते राजनांदगावला निघाले असताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता टिळकांना धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. त्याच्या सुरुवातीलाच धन्य कोण, याची माळ आहे, आणि तिच्या शेवटी लोक ज्यांची निंदा करतात, ज्यांच्याविरुद्ध खोटे बोलतात, त्यांना येशू आनंद करायला सांगतो. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्या ओळींचा अर्थ त्यांना अनुभवावा लागला. त्या काळी धर्मांतर करणाऱ्यावर ठरलेला आळ असे तो लोभाचा. घरातही आकांत उडाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, हे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणालाही सांगायला नको. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करले. आरोपाला उत्तर द्यावे म्हणून त्यांनी तसे केले असे म्हणता येणार नाही, पण लोभाच्या आळाला याहून बोलके उत्तर कोणते असते?

तरीही, गप्प राहणे हा या धर्मातला एकमेव आदर्श आहे, असा समज करून घेणे चूक. पौलाला फिलिप्पै गावात चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले. दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले, तेव्हा तो अडून बसला: आम्ही रोमन नागरिक आहोत, ज्यांनी उघड मारले त्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे. पुढे कैसरियात त्याने थेट सम्राटाकडे दाद मागितली. वसईचे गोन्सालो गार्सिया यांच्याबरोबर ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांना क्रुसावर मारले गेले. परकीय सत्तेचे हस्तक असल्याच्या संशयाने त्यांचा घात केला होता. त्यांतल्याच एका क्रुसावरून जपानी बंधू पॉल मिकी बोलले. शिक्षेच्या फलकात आपल्याला फिलिपिन्सहून आलेला म्हटले आहे, पण आपण जपानीच आहोत, ही चूक त्यांनी दुरुस्त केली, आणि मग मारणाऱ्यांना क्षमा केली. अलीकडचे उदाहरण शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचे. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. त्यांनी लगेच पत्रकारांसमोर बसून नाही म्हटले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. फेब्रुवारी १९९४ मध्ये आरोप मागे घेतला गेला. वर्ष संपायच्या आत बर्नार्डिन आरोप करणाऱ्या त्या आजारी माणसाला जाऊन भेटले आणि दोघांचा समेट झाला. फ्रान्सिस यांच्या प्रकरणातले दोन्ही अपवाद इथे तंतोतंत लागू होतात: आरोप घोर होता आणि त्या नावावर हजारोंची श्रद्धा टेकलेली होती.

मौनाची शिकवण सर्वांत जास्त नासली ती बलवानांनी दुबळ्यांना ती पाजली तेव्हा. नव्या करारात निंदेला निंदेने उत्तर न देणाऱ्या ख्रिस्ताचा दाखला पेत्राच्या पहिल्या पत्रात येतो. ते शब्द लिहिले आहेत घरातल्या दासांना उद्देशून. ज्याच्या हाती मार खाण्यावाचून काहीच नव्हते, त्याच्या दुःखाला त्यातून अर्थ मिळाला. पण तेच शब्द मालकाच्या तोंडी गेले की त्यांचे ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ होते. नागपूरला हे समजावून सांगावे लागू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्या माणसाने याच शहरात लाखोंना बरोबर घेऊन धम्मदीक्षा घेतली, त्याने १९२० मध्ये काढलेल्या पहिल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. मुक्यांचा नायक. ते लोक मौनव्रती नव्हते, त्यांना मुके केले गेले होते. ज्याला बोलता येते, ज्याचे ऐकले जाईल आणि तरी जो स्वतःपुरते बोलणे टाळतो, त्याचे ते मौन. ज्याला बोलूच दिले जात नाही, त्याचा तो मूकपणा, आणि त्याला सद्गुण म्हणणे हा त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय.

ऑस्ट्रेलियातल्या मेरी मॅकिलप यांनी हा फरक जगून दाखवला. त्यांच्या संघातल्या भगिनींनी एका धर्मगुरूने चालवलेल्या मुलांच्या छळाची तक्रार वर पोचवली. पुढे सप्टेंबर १८७१ मध्ये आज्ञाभंगाचा ठपका ठेवून बिशपांनी मेरी यांना चर्चबाहेर काढले. स्वतःवरच्या या अन्यायाबद्दल त्यांनी कटू शब्द काढला नाही. मुलांबद्दल मात्र त्यांचा संघ बोलला होता. पाच महिन्यांनी, मरणपंथाला लागलेल्या बिशपांनी बंदी उठवली. २०१० मध्ये मेरी यांना संतपद मिळाले.

मोठ्या पदावरच्या माणसाने गप्प राहावे का, हा प्रश्न २०१८ मध्ये रोमलाही सुटला नाही. अमेरिकेतले कार्डिनल मॅककॅरिक यांची लैंगिक दुष्कृत्ये माहीत असून पोप फ्रान्सिस यांनी कानाडोळा केला, असा आरोप व्हॅटिकनच्या एका माजी राजदूत आर्चबिशपांनी त्या ऑगस्टमध्ये जाहीर पत्रातून केला. डब्लिनहून परतताना विमानात पत्रकारांनी विचारले, तेव्हा यावर आपण एक शब्दही बोलणार नाही, पत्र वाचून तुम्हीच ठरवा, असे पोप म्हणाले. आठवडाभराने एका प्रवचनात, ज्यांना फक्त भांडण आणि बभ्रा हवा असतो त्यांच्यापुढे मौन आणि प्रार्थना, असा उपदेश त्यांनी केला. अनेकांना तो ख्रिस्तासारखा वाटला. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते त्यांतल्या अनेकांना ते जुनेच दार पुन्हा बंद झाल्यासारखे वाटले. नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॅटिकनने त्या प्रकरणाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. प्रश्न एका माणसाच्या अब्रूचा नव्हता, पीडितांच्या सत्याचा होता, आणि तिथे मौन अपुरे पडले.

आळ घेणाऱ्याची जबाबदारीही ही परंपरा फार कडकपणे मोजते, याचा उल्लेख क्वचितच होतो. फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मते चहाडखोर जिभेच्या एका फटक्यात तीन जीव घेतो: स्वतःचा, ऐकणाऱ्याचा आणि ज्याची निंदा झाली त्याचे समाजातले जगणे. १९९२ मध्ये निघालेल्या कॅथॉलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात पुराव्याविना मनात दोष धरणे, खरा दोष कारण नसताना चव्हाट्यावर मांडणे आणि खोटे रचून बदनाम करणे, या तिन्हींना पाप म्हटले आहे. केवळ पापनिवेदनाने यातून सुटका होत नाही, गेलेले नाव भरून द्यावे लागते. आपल्या कायद्यातही दोन्ही बाजू आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २० (३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि बदनामी झालेल्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दाद मागता येते. गप्प राहण्याचा हक्क आणि बोलण्याचा हक्क, दोन्ही ज्याचे त्याच्या हाती.

दरवर्षी पवित्र आठवड्यात जगभरच्या कॅथॉलिक चर्चप्रमाणे सदरच्या कॅथेड्रलमध्येही येशूच्या दुःखसहनाची कथा दोनदा वाचली जाते. झावळ्यांच्या रविवारी ती मत्तय, मार्क किंवा लूक यांच्या शुभवर्तमानातून आलटूनपालटून येते. मत्तय किंवा मार्क वाचला जातो त्या वर्षी पिलातासमोरचे ते नवल वाटायला लावणारे मौन ऐकू येते, लूक असेल तेव्हा हेरोदासमोरचे. पाच दिवसांनी, गुड फ्रायडेला, वाचन योहानाचे असते. तिथे याजकाचा शिपाई येशूच्या तोंडात मारतो. हाच येशू त्याच्याकडे वळून विचारतो, की मी वाईट बोललो असेन तर ते काय ते सांग. बरे बोललो असेन, तर मला का मारतोस? शिपायाने काय उत्तर दिले, हे योहान लिहीत नाही.